व्यासपीठावरचा जागता पहारा : कविवर्य मोरोपंत

चैत्री पौर्णिमेला गावोगावी हनुमान जयंतीचा उत्सव असतो. त्या गडबडीत एका थोर मराठी कवीची पुण्यतिथी बहुधा विस्मरणात जाते. शके १७१६ च्या चैत्र शुद्ध पौर्णिमेस, म्हणजे १५ एप्रिल १७९४ रोजी, बारामती येथे मोरेश्वर रामचंद्र पराडकर ऊर्फ मोरोपंत यांनी देह ठेवला. मराठीत आर्या म्हटली की मोरोपंतांचेच नाव ओठांवर येते. जुन्या पिढीतील अनेकांनी शाळेत त्यांच्या आर्या पाठ केल्या, काहींनी त्या न आल्याबद्दल छड्याही खाल्ल्या. परंतु मोरोपंत हे केवळ लेखणी चालविणारे कवी नव्हते. चाळीसहून अधिक वर्षे ते बारामतीच्या नाइकांकडे पुराणिक होते. समोर बसलेल्या श्रोत्यांना उद्देशून बोलणे हीच त्यांची उपजीविका होती. त्यांच्या काव्याचा विचार करताना ही गोष्ट बहुधा बाजूला राहते. त्यांच्या भाषेचे मर्म मात्र तिच्यातच आहे.

अलीकडे शहरांतून आणि आता तालुक्यांच्या गावांतूनही वक्तृत्वाचा सराव करणारी मंडळे दिसू लागली आहेत. अमेरिकेतील सांता आना येथे १९२४ साली सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स या संस्थेच्या धर्तीवर त्यांच्या सभा चालतात. या सभांमध्ये एका सभासदाकडे मोठे जोखमीचे काम दिलेले असते. त्याने सर्वांची भाषणे कान देऊन ऐकायची, कोणाचा प्रयोग चुकला, कोणी सुंदर शब्द योजला, कोणाच्या बोलण्यात तोच तो निरर्थक शब्द वारंवार आला, याची टिपणे ठेवायची आणि सभेच्या अखेरीस ती सर्वांसमक्ष वाचून दाखवायची. त्याला व्याकरणकार असेच म्हटले जाते. ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आली असे आपण समजतो. वास्तविक, बोलणाऱ्याच्या भाषेवर पहारा ठेवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. ज्याला आपण आज सर्रास व्यासपीठ म्हणतो, तो शब्दच मुळी पुराणिकाच्या आसनाचा आहे. व्यासांचे ग्रंथ ज्या आसनावरून सांगावयाचे ते व्यासपीठ. त्या आसनावर बसणाऱ्याने जिभेवर ताबा ठेवावा, अशी अपेक्षा असे. ती अपेक्षा जन्मभर पाळणारा एक माणूस अडीचशे वर्षांपूर्वी कऱ्हेच्या काठी नांदला. त्याची ही कथा आहे.

पन्हाळगडावरील विद्याभ्यास

पराडकरांचे घराणे मूळचे कोकणातील, राजापूरजवळील सौंदळचे. वडील रामाजीपंत चाकरीनिमित्त पन्हाळगडावर आले आणि तेथेच १७२९ मध्ये मोरोपंतांचा जन्म झाला. आईचे नाव लक्ष्मीबाई. पन्हाळगडाला लढायांचा आणि वेढ्यांचा इतिहास आहे, परंतु त्या गडावर विद्येचीही वस्ती होती. केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये हे दोघे विद्वान बंधू तेथे राहत असत. त्यांच्यापाशी मोरोपंतांनी व्याकरण, काव्य, अलंकार आणि वेदान्त यांचे अध्ययन केले. त्या काळातील अध्ययन म्हणजे प्रामुख्याने मुखोद्गत करणे. गुरूने एक ओळ म्हणायची, शिष्याने ती तशीच परत म्हणायची. ऱ्हस्वाचे दीर्घ झाले, अनुस्वार गळला, एखादे जोडाक्षर सैल पडले की गुरू तेथेच थांबवीत. चूक पुढे नेण्याची सवलत नसे. पुढे मोरोपंतांच्या रचनेत अक्षराअक्षराविषयी जी विलक्षण सावधता दिसते, तिचे मूळ या पाठशाळेत शोधावे लागेल.

वयाच्या पंचविशीच्या सुमारास ते बारामतीस आले. रामाजीपंत त्याआधीच बारामतीचे सावकार बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाला गेले होते. हे नाईक घराणे काही सामान्य सावकारांचे नव्हते. बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांना पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई दिलेली होती. १७४० मध्ये बाजीरावांचा मृत्यू झाल्यानंतर पेशवेपदाची वस्त्रे बाबूजी नाइकांना मिळावीत म्हणून नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी शाहू महाराजांकडे खटपट केली होती. ती सफल झाली नाही आणि पद नानासाहेबांकडे गेले. पेशवाईची वस्त्रे हुकलेल्या या घराण्याने बारामतीस एका तरुण विद्वानाला आसरा दिला. राजकारणाच्या इतिहासात बाबूजी नाइकांना चार ओळींची जागा मिळते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र मोरोपंतांचे आश्रयदाते म्हणून त्यांचे स्थान अढळ राहिले आहे.

कऱ्हाकाठचे पुराण

कऱ्हा ही मोठी नदी नव्हे. उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे पडते. बारामतीवरून पुढे जाऊन ती सोनगावजवळ नीरेस मिळते. नीरा इंदापूर तालुक्याच्या कडेने वाहत नीरा नरसिंगपूरला भीमेत विसर्जित होते आणि भीमा पंढरपूरला जाऊन चंद्रभागा म्हणविते. मोरोपंतांची वाणीही काहीशी याच वाटेने गेली. ती उगम पावली बारामतीच्या वाड्यात, आणि कीर्तनकारांच्या मुखाने गावोगावी पोहोचली.

नाइकांचा वाडा कऱ्हेच्या काठी होता. तेथे मोरोपंत पुराण सांगत. पुराण सांगणे म्हणजे नुसते वाचन नव्हे. मूळ संस्कृत श्लोक म्हणायचा, त्याचा अन्वय लावायचा, मग मराठीत अर्थ उलगडायचा आणि तो श्रोत्यांच्या मनात उतरेल अशा रीतीने कथा पुढे न्यायची. पुराणश्रवणाला त्या काळी नाना प्रकारचे लोक बसत. त्यांत शास्त्री असत, तसेच दिवसभर हिशेब लिहून दमलेले कारकून असत. घरातील स्त्रिया असत, म्हातारीकोतारी माणसे असत. शास्त्र्याला व्याकरणाची चूक खपत नसे आणि म्हातारीला न समजणारा शब्द नकोसा होई. एकाच वाक्यात दोघांनाही राखावयाचे ही कसरत पुराणिकाला रोज करावी लागे.

त्यातच त्या काळातील मराठीची अवस्था लक्षात घेतली पाहिजे. दरबारी पत्रव्यवहार मोडीत चाले आणि त्यात फारसी-अरबी शब्दांची दाटी असे. पाठशाळेत संस्कृतचे राज्य होते. वारकऱ्यांच्या मुखी ओवी-अभंगाची साधी मराठी होती आणि फडावर लावणीची ठसकेबाज मराठी होती. या चार भाषा एकमेकींच्या शेजारी नांदत, पण एकमेकींकडे फारशा पाहत नसत. मोरोपंतांनी संस्कृतप्रचुर मराठी पत्करली हे खरेच. तथापि त्यांनी इतर भाषांकडे पाठ फिरवली असे म्हणता येणार नाही. गंगेची प्रार्थना करताना त्यांनी आपल्या एका काव्याला 'गंगावकिली' असे नाव दिले. गंगेसारखे परमपवित्र दैवत आणि कचेरीतला वकील हा अरबी शब्द, दोघांना एका नावात गुंफताना या पंडिताचा हात कचरला नाही. कोणता शब्द कोठून आला यापेक्षा तो नेमका बसतो की नाही, हे पाहणारी ही दृष्टी होती.

श्रोता पाहून भाषा बदलण्याची जाणही त्यांच्याकडे होती. 'सीतागीत', 'सावित्रीगीत', 'रुक्मिणीगीत' ही त्यांची काव्ये घरातील स्त्रियांनी म्हणावीत अशा सोप्या वळणाची आहेत. 'आर्याभारत' रचणारा हाच का तो कवी, असा प्रश्न पडावा इतकी त्यांची भाषा निराळी आहे. आणि 'सन्मणिमाला' या काव्यात त्यांनी संतांच्या नामावलीची माळ गुंफून ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम यांच्यापुढे मस्तक नमविले आहे. स्वतः शास्त्राध्ययन केलेल्या पंडिताने शास्त्राबाहेर वाढलेल्या वाणीचा मान राखला, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्रेमात्रेचा हिशेब

मोरोपंतांची रचना किती? अभ्यासकांच्या मोजदादीप्रमाणे ती पाऊण लाख पद्यांच्या घरात जाते. एकट्या 'आर्याभारता'च्या आर्या सुमारे १७ हजार आहेत. परंतु केवळ संख्येने दिपून जाण्यापेक्षा या आर्येची घडण समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल.

आर्या हे मात्रावृत्त आहे. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन मात्रा धरायच्या. मूळ संस्कृत आर्येत पहिल्या चरणात १२, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात १२ आणि चौथ्यात १५ मात्रा असतात. मोरोपंतांनी मुख्यत्वे वापरली ती तिची बहीण गीती. तिच्या चौथ्या चरणातही १८ मात्रा असल्याने दोन्ही अर्धे तंतोतंत सारखे होतात. मराठीत तिलाच आर्या म्हणण्याचा प्रघात पडला. एका आर्येत ६० मात्रा, आणि दोन्ही अर्धांच्या शेवटी यमक. या हिशेबाने पाहता एकट्या 'आर्याभारता'त दहा लाखांहून अधिक मात्रा कवीने मोजून बसविल्या.

ही मोजणी कशासाठी? निव्वळ कौशल्य मिरविण्यासाठी, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. पण मोरोपंतांचे काव्य कोणत्या काळात आणि कोणत्या मार्गाने पसरले हे ध्यानात घेतले की त्याचा दुसरा अर्थ लागतो. त्या काळी मराठीत छापखाना नव्हता. कविता पसरायची ती हस्तलिखितांच्या नकलांनी आणि कीर्तनकाराच्या पाठांतराने. पाठांतरात शब्द बदलतात. विसरलेल्या शब्दाच्या जागी जवळचा दुसरा येतो, आणि दहा तोंडांतून गेल्यावर मूळ वाक्य ओळखू येईनासे होते. मात्रांनी आणि यमकाने बांधलेल्या आर्येत मात्र तसे सहजासहजी करता येत नाही. एक ऱ्हस्व अक्षर दीर्घ म्हटले की ६० च्या ६१ मात्रा होतात, चाल अडखळते आणि म्हणणाऱ्याच्याच कानाला ते बोचते. यमकाचा शब्द चुकला तर दुसरा अर्धा लुळा पडतो. म्हणजे आर्येने वक्त्याच्या तोंडातच एक पहारेकरी बसविला. बाहेरून कोणी टिपणे घेण्याची गरज उरली नाही. वृत्तच चूक दाखवून देऊ लागले.

स्वतःवर मोरोपंतांनी घातलेली बंधने तर याहून कडक होती. त्यांनी १०८ रामायणे रचली असे मानले जाते आणि त्यांतील नव्वदहून अधिक उपलब्ध आहेत. कथा तीच, परंतु प्रत्येक वेळी नवा नियम. काही रामायणांत मंत्राची अक्षरे क्रमाने ओवलेली आहेत. 'निरोष्ठ रामायणा'त ओठ एकमेकांना लागतील अशी अक्षरे वर्ज्य आहेत. म्हणजे प, फ, ब, भ, म यांपैकी एकही नाही. वाचकांनी क्षणभर विचार करून पाहावा. या नियमाखाली राम हे नावच उच्चारता येत नाही, कारण त्यात म आहे! ज्याची कथा सांगायची त्याचे नाव न घेता ती सांगायची. याला कोणी शब्दांचा खेळ म्हणेल, आणि काही अंशी तो खेळ आहेच. पण आपल्या तोंडून निघणारे प्रत्येक अक्षर आपल्याला ठाऊक असले पाहिजे, ही शिस्त अशा खेळातूनच अंगी बाणते. आजच्या वक्तृत्व मंडळात भाषणातील निरर्थक शब्द मोजले जातात, त्यामागील हेतू याहून वेगळा नाही.

रामजोशींची भेट

मोरोपंतांच्या चरित्रातील सर्वांत रसाळ प्रसंग सोलापूरचे शाहीर रामजोशी यांच्याशी जोडलेला आहे. रामजोशी वयाने त्यांच्याहून सुमारे तीस वर्षांनी लहान. घराणे विद्वान ब्राह्मणाचे, वडील बंधू मुद्गल जोशी पुराण-कीर्तन करणारे. पण धाकट्याचे मन रमले ते तमाशाच्या फडात. घरातून त्याला बाहेर पडावे लागले. पुढे पंढरपुरास जाऊन त्याने संस्कृताचे अध्ययन केले, आणि ती सारी विद्या घेऊन तो पुन्हा डफ-तुणतुण्याकडेच वळला. त्याच्या लावणीत त्यामुळे शृंगाराबरोबर शास्त्रीय शब्दकळेची झळाळी आली.

हा शाहीर बारामतीस आला आणि मोरोपंतांनी त्याची वाणी ऐकली, अशी परंपरा आहे. या भेटीचे तपशील निरनिराळ्या प्रकारे सांगितले जातात, पण गाभा एकच आहे. व्यासपीठावरचा वृद्ध पंडित आणि फडावरचा तरुण शाहीर समोरासमोर आले. एकाची भाषा सोवळ्यातली, दुसऱ्याची समाजाने ओवळी ठरविलेली. पंडिताला शाहिराचे दोष काढण्याचा पूर्ण अधिकार होता आणि तसे त्याने केले असते तर कोणालाही त्यात वावगे वाटले नसते. मोरोपंतांनी त्याचे गुण हेरले. एवढी शब्दसंपत्ती आणि एवढा गोड गळा लाभलेल्या माणसाने हरिकथेकडे वळावे, असे त्यांनी त्याला सुचविले. रामजोशी कीर्तनकार झाले ते या प्रेरणेतून, असे परंपरा मानते.

पुढे जे घडले ते मोरोपंतांच्या दृष्टीनेही निर्णायक ठरले. रामजोशींनी कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या म्हणण्यास प्रारंभ केला. वाड्यातील मोजक्या श्रोत्यांपुरती असलेली ही पंडिती कविता एका शाहिराच्या गळ्यावर बसून बाजारपेठेच्या गावांत आणि देवळांच्या सभामंडपांत पोहोचली. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान लावताना मोरोपंतांच्या आर्या म्हणण्याचा जो प्रघात पडला, त्याला रामजोशींचा मोठा हातभार लागला. साकी, दिंडी आणि आर्या यांनी नटलेले हे कीर्तन पुढे मराठी संगीत रंगभूमीलाही उपयोगी पडले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा या चाली प्रेक्षकांच्या कानांवर आधीच रुळलेल्या होत्या.

मोरोपंतांनी त्या दिवशी रामजोशींना नियम दाखवून परत पाठविले असते तर? फार तर एका शाहिराचा हिरमोड झाला असता. पण मोरोपंतांची कविता मात्र कदाचित बाडांतच राहिली असती. भाषेची राखण करणाऱ्याला दुसऱ्याच्या भाषेतील तेज ओळखता आले, म्हणून त्याची स्वतःची भाषा जगली. या प्रसंगाचे महत्त्व येथे आहे.

आरोप आणि कैवार

मोरोपंतांवर टीका झाली नाही असे नाही. त्यांची भाषा जड आहे, समास लांबलचक आहेत, यमकासाठी अर्थाची ओढाताण होते, हे आक्षेप जुनेच आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. इतक्या प्रचंड रचनेत मात्रा जुळविण्यासाठी मराठी शब्दाचे रूप वाकविण्याची, अपरिचित संस्कृत शब्द आणण्याची वेळ त्यांच्यावर अनेकदा आली. अक्षरांवर पहारा ठेवता ठेवता श्रोता मागे पडला, अशी स्थळे त्यांच्या काव्यात निश्चितच आहेत. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास जाते, तेव्हा त्या वाटेवर लाखो मुखांतून अभंग उमटतात. आर्येच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. याचे कारण पंतांच्या भक्तीत उणीव होती हे नव्हे. त्यांच्या भाषेला मध्ये एक समजावून सांगणारा लागतो, अभंगाला तो लागत नाही.

तरीही एकोणिसाव्या शतकात मराठी भाषेला नवे रूप येत असताना भाषेविषयी आस्था असणारी माणसे पुन्हा पुन्हा मोरोपंतांकडेच वळली, हे लक्षणीय आहे. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये 'नवनीत' हा जुन्या कवितेचा वेचा सिद्ध केला आणि त्यातून मोरोपंत शाळेतल्या मुलांपर्यंत पोहोचले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे उदाहरण तर आपल्या विषयाशी अगदी जवळचे आहे. १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिणारे, मराठीचे पाणिनी म्हणून गौरविले गेलेले दादोबा मुंबईच्या उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष होते. १८४८ मध्ये निघालेल्या या सभेत तरुण मंडळी निबंध वाचीत आणि त्यांवर चर्चा करीत. प्रत्यक्ष व्याकरणकारच सभेच्या अध्यक्षस्थानी, असा तो योग होता. याच दादोबांनी मोरोपंतांच्या 'केकावली'वर 'यशोदापांडुरंगी' नावाची विस्तृत टीका १८६५ मध्ये प्रसिद्ध केली. तिला त्यांनी आपल्या मातापित्यांची नावे दिली. व्याकरणाचे नियम लिहिणाऱ्या माणसाला नियमांच्या पलीकडचा मोरोपंत किती प्रिय होता, हे यावरून दिसते.

पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून मोरोपंतांच्या कवितेचा जोरदार कैवार घेतला. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि वक्तृत्वाला सार्वजनिक व्यासपीठ मिळाले, तो हाच काळ. १९०८ मध्ये ल. रा. पांगारकर यांनी मोरोपंतांचे चरित्र आणि काव्यविवेचन लिहिले. त्यानंतर पंतांच्या वंशजांपैकी रामकृष्ण दत्तात्रेय पराडकर यांनी त्यांचे समग्र ग्रंथ प्रसिद्ध करण्याचे काम केले. केशवसुतांनी मराठी कवितेला वेगळे वळण दिल्यानंतर पंडिती कवितेचा जमाना मावळला. आज मोरोपंत वाचले जातात ते प्रामुख्याने विद्यापीठांतील अभ्यासक्रमात, आणि ऐकले जातात ते थोड्या कीर्तनकारांच्या मुखातून.

मोराची हाक

आयुष्याच्या उत्तरकाळात मोरोपंतांनी 'केकावली' रचली. केका म्हणजे मोराचा ओरडा. मोरेश्वर या आपल्या नावावरून स्वतःला मयूर म्हणविणाऱ्या कवीने मेघाकडे पाहून केलेला हा आकांत आहे. मेघ म्हणजे परमेश्वर. यात आर्या नाहीत. पृथ्वी या अक्षरगणवृत्तातील १२१ श्लोक आहेत. प्रत्येक ओळीत १७ अक्षरे आणि आठव्या अक्षरावर क्षणभर विसावा. नियम येथेही कडक आहेत, पण वाचताना त्यांची जाणीव कमी होते. जन्मभर महाभारत आणि रामायण श्रोत्यांना समजावून सांगणारा पुराणिक येथे दुसऱ्या कोणाला काही सांगत नाही. तो देवाशी बोलतो, तक्रार करतो, युक्तिवाद करतो, हट्ट धरतो आणि अखेरीस सत्संग, सद्बुद्धी यांचे मागणे मागतो. हजारो आर्यांतून घासूनपुसून लख्ख केलेली भाषा इथे त्याच्या स्वतःच्या गरजेला आली. आयुष्यभराच्या शिस्तीचे चीज यापेक्षा वेगळे ते काय असणार?

त्यानंतर फार काळ गेला नाही. १७९४ च्या चैत्रात त्यांना ज्वर आला आणि पौर्णिमेस ते गेले. वय ६५ वर्षांच्या आसपास. पेशवाई त्यानंतर २४ वर्षांत बुडाली. नाइकांचे वैभवही ओसरले. बारामतीत कऱ्हेकाठचा नाइकांचा वाडा मात्र त्या दिवसांची साक्ष देत उभा आहे.

आज बारामती-इंदापूरचा परिसर ऊस, द्राक्षे, डाळिंब, साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था यांच्यासाठी ओळखला जातो. शाळा-महाविद्यालयांतून वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात आणि परीक्षक शुद्ध उच्चारांना गुण देतात. या भागातील खेड्यांतून येणाऱ्या कित्येक मुलांच्या तोंडी पाणी हा शब्द पानी असा येतो. त्यांना गुण कापून गप्प करता येते. किंवा त्यांच्या बोलण्यातील नेमकेपणा, उपमा आणि ठसका आधी हेरून मग ण आणि न यांतला फरकही शिकविता येतो. पहिल्या मार्गाने भाषा शुद्ध राहते, पण बोलणारा उरत नाही. घराबाहेर पडलेल्या एका शाहिराला मोरोपंतांनी कसे ऐकले, हे अशा वेळी आठवावे.

व्याकरणाची टिपणे घेणारा प्रत्येक सभेला हवाच. मात्र ते काम करणाऱ्याने पहिले टिपण स्वतःच्या भाषेचे घ्यावे आणि दुसऱ्याची चूक सांगण्यापूर्वी त्याच्या बोलण्यातला एक तरी चांगला शब्द लक्षात ठेवावा, एवढा बोध मोरोपंतांच्या चरित्रातून घ्यायला हरकत नाही. चैत्री पौर्णिमेस कऱ्हेच्या पुलावरून जाताना ज्यांना त्यांची आठवण होईल, त्यांनी एखादी पाठ असलेली आर्या मोठ्याने म्हणून पाहावी. मात्रा चुकली तर ती आपली आपल्यालाच कळेल.